बाजूच्या दारातल्या कोंबड्या

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात कोणी कोणाला 'कसं काय' म्हणून विचारत नव्हतं. फाटकाशी थांबायचं आणि विचारायचं, "आकडा आला का?"

आकडा म्हणजे प्रयोगशाळेचा. अंड्यात फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक किती निघालं, त्याचा. शून्य, टिंब, शून्य, शून्य, पाच. एवढी मर्यादा. आकडा याच्या खाली असला तर तुमची अंडी म्हणजे अंडी. वर गेला की तो कचरा, आणि मग तुमच्या अंगणातून एक पीससुद्धा बाहेर जायचं नाही.

मी हॉलंडमधल्या बार्नेफेल्डच्या बाजूची, कोंबड्यांतच जन्मले आणि कोंबड्यांतच लग्न होऊन आले. माझ्या सासूबाई जुन्या मोज्यात पांढरी पावडर भरायच्या आणि तो मोजा कोंबड्यांच्या पंखांखाली झटकायच्या. मग हात झग्याला पुसून पाव कापायला बसायच्या. अंडी तपासणं म्हणजे तेव्हा अंडं दिव्यासमोर धरणं. आत रक्ताचा ठिपका नाही ना, हवेचा कप्पा मोठा नाही ना, बस. त्या अंड्यांत काय काय होतं देव जाणे. कोणी विचारत नव्हतं, म्हणून आम्ही सगळे निर्दोष होतो. मंगळवारच्या अंडीबाजारात आमच्या सासऱ्यांची अंडी आली की व्यापारी टोप्या काढायचे. गडद, जुन्या लाकडी कपाटासारखी तपकिरी अंडी. आता असं सांगितलं की नातवंडं हसतात.

ही अंडी ज्यांची, त्या आमच्या बार्नेफेल्डर कोंबड्या मागच्या लहान शेडमध्ये असत. चारेकशे असतील. पुढच्या मोठ्या शेडमधल्या पांढऱ्या कोंबड्या आमच्या पोटासाठी होत्या, मागच्या आमच्या नावासाठी. प्रत्येक पिसावर दोन काळ्या रेघा, एकात एक, कोणी बारीक टाकानं ओढल्यासारख्या. माझ्या नवऱ्याच्या, रायरच्या, आजोबांनी ही ओळ, हा वंश, सुरू केली. कोंबडे अधूनमधून बाहेरून आणले, कोंबडी कधीच नाही. उबवायची अंडी न्यायला जर्मनीतून माणसं यायची. ही ओळ दुकानात मिळत नाही. तुटली की तुटली.

वसंतात रक्त-उवा फार झाल्या होत्या. दिवसा फटींत बसतात आणि अंधार पडला की कोंबड्यांचं रक्त पितात. आमच्या मुलानं, एल्बर्टनं, सफाईवाल्यांना बोलावलं. गावात सगळ्यांनी त्यांनाच बोलावलं होतं. त्यांच्या औषधाला निलगिरीचा वास यायचा. एल्बर्ट म्हणाला, "आई, कोंबड्यांना सर्दी असेल तर तीही जाईल." आम्ही हसलो. उवा खरंच गेल्या. त्या औषधात न सांगता फिप्रोनिल मिसळलंय, हे आम्हाला रेडिओवरून कळलं.

रस्त्याकडेच्या आमच्या लाकडी टपरीत लोक अंडी घेऊन डब्यात पैसे टाकून जात. त्या आठवड्यात लोकांनी अंडी आणून परत ठेवली. एक शब्द न बोलता, नीट रचून. चर्चमध्ये आमच्या बाकावर बसणाऱ्या बाईचा डबा मी ओळखला.

मोठ्या शेडचा आकडा इतका वर आला की एल्बर्टनं वादच घातला नाही. पांढऱ्या कोंबड्या निळ्या क्रेटमध्ये भरून गॅस देऊन मारायच्या कंटेनरकडे गेल्या. रायर दिवसभर खिडकीशी उभा होता. त्याचं डोकं तेव्हा थकत चाललं होतं. काल काय झालं ते निसटायचं, पण साठ वर्षांपूर्वीची कोंबडी कोणत्या कोंबड्याची ते तो झोपेत सांगायचा.

मागच्या शेडचाही आकडा वर होता, पण थोडा. तिथं काहीतरी करता येईल असं आमची मुलगी विलेमाइन म्हणाली. ती वाखेनिंगेनजवळ एका प्रयोगशाळेत काम करते. त्या दिवसांत तिच्याकडे इतकी अंडी यायची की फ्रिज भरून ती जिन्यात रचली होती. "दिवसभर अंडी फोडायची आणि घुसळायची," ती म्हणाली. "यंत्र बंद पडलं तर सरळ केकचं दुकान काढीन."

"आता त्या कोंबड्यांचं सांग," एल्बर्ट म्हणाला.

"ते विष चरबीत जाऊन बसतं. कोंबडी रोज थोडं थोडं बलकात घालून बाहेर टाकते. नुसती वाट बघितली तर फार वेळ लागेल. पण तिची चरबीच उतरवली तर लवकर सुटका होईल."

"म्हणजे उपाशी ठेवायचं."

"पाणी द्यायचं. शेडमध्ये उजेड कमी करायचा. अंडी थांबतात, पिसं झडतात, अंग उतरतं. मग हळूहळू दाणा सुरू करायचा. नवी पिसं येतात, नवी अंडी येतात, ती स्वच्छ निघायला हवीत."

रायर कॉफी ढवळत होता. "आमच्या दारातून कोणी उपाशी गेलेलं नाही," तो म्हणाला.

"बाबा, कोंबड्यांचं चाललंय."

"मग मी कोणाचं बोलतोय?"

दाराचं त्याचं खरं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या भुकेच्या हिवाळ्यात शहरातली माणसं बाबागाड्या ढकलत आमच्या शेतांपर्यंत चालत यायची, एका अंड्यासाठी लग्नातली चादर देऊ करायची. रायर तेव्हा लहान होता. त्याची आई चादर घेत नसे, अंडं देत असे.

एल्बर्टनं उपास सुरू केला. मी पुष्कळ आवाज ऐकलेत, बॉम्बफेकी विमानांचेसुद्धा. पण दाणा येणारी साखळी थांबल्यावर चारशे कोंबड्या जो आवाज करतात, तो मी पुन्हा ऐकणार नाही. पहिल्यांदा भांडतात, मग विनवतात, आणि मग गप्प होतात. ते गप्प होणं सगळ्यांत वाईट. जेवणाआधीची प्रार्थना एल्बर्ट भराभर उरकायचा. ताटं तशीच परत जायची. रायर तेवढा कॉफी झाली की काठी घेऊन मागे जायचा, शेडच्या बाजूच्या लहान दारातून आत, आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा. वर्षानुवर्षं तो असाच बसत आला होता. कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पिसं झडली. उघडी, लाल, लाजलेली अंगं भिंतीला चिकटून उभी राहिली. मग ओट सुरू केले, मग दाणा. मग एका सकाळी एल्बर्ट टोपीत एक अंडं घेऊन आला, आणि टेबलावर असं ठेवलं जसं काही ते फुटलं तर आम्ही सगळे फुटू.

अंडी विलेमाइनच्या प्रयोगशाळेत गेली. आमची म्हणून ती तिनं हातात घेतली नाहीत, सहकाऱ्यानं तपासली. तिचा फोन आला तेव्हा एल्बर्टनं स्पीकर लावला.

"एल्बर्ट, तू सगळ्या शेडमधून घेतलीस ना?"

"हो. आकडा सांग."

"आधीपेक्षा वर आहे."

"हे कसं शक्य आहे?"

"नाहीच. म्हणून तर विचारतेय."

तिनं कोंबड्या अंडी घालतात त्या खोक्यांच्या ओळींप्रमाणे अंडी वेगवेगळी पाठवायला सांगितलं. आम्ही पाठवली. या वेळी तिनं फोन केला नाही, शनिवारी स्वतः गाडी घेऊन आली आणि कोटही न काढता बसली.

"लांबच्या टोकाची अंडी स्वच्छ आहेत. मर्यादेच्या खाली. बाजूच्या दाराकडे येऊ तसा आकडा चढत जातो. दाराजवळचा सगळ्यांत वर."

"तिकडे फवारणी जास्त झाली असेल," एल्बर्ट म्हणाला.

"मग तो उतरला असता. चढायला ते विष कोणीतरी रोज पोटात घालावं लागतं."

रायर सफरचंद सोलत होता. सालीची लांब पट्टी खाली सोडत म्हणाला, "माझं दार? तिथल्या तर सगळ्यांत झकास आहेत. पिसं आधी त्यांनाच आली."

 एल्बर्टनं खुर्ची हळूच त्याच्याकडे वळवली. "बाबा, तुम्ही त्यांना काय घालत होता?"

"अंडं. पिसं झडताना कोंबडीला अंडंच द्यावं लागतं. उकडून, कवचासकट कुस्करून. माझ्या बापानं मला शिकवलं, मी तुला शिकवलं, तू विसरलास."

"कुठली अंडी?"

"मागच्या भट्टीघरात ढीग पडलाय की. कोणी नेतही नाही, खातही नाही."

नष्ट करायची अंडी ती, बहुतेक मोठ्या शेडची, पूर्वी पाव भाजायच्या त्या खोलीत रचलेली. त्यांना न्यायची गाडी आठवड्यांमागून आठवडे आलीच नव्हती, सगळ्या प्रांताचा कचरा उचलत फिरत होती. रायर तिथं भट्टीपाशी सिगार ओढत बसतो असं आम्ही समजत होतो.

"बाबा, त्यात विष आहे! शंभर वेळा सांगितलं तुम्हाला!"

"माणसांना असेल. कोंबडीचं अंडं कोंबडीला कसं बाधेल? जे त्यांच्यातून आलं ते त्यांच्यात गेलं." त्यानं सफरचंदाची फोड माझ्याकडे सरकवली. "हा ओरडतोय कशाला, रिका?"

एल्बर्ट बाहेर गेला. अंगणातल्या रिकाम्या क्रेटला त्यानं लाथ मारलेली ऐकू आली, मग दुसऱ्या. विलेमाइन टेबलावर कपाळ टेकून बसली होती. "पुन्हा उपास?" मी विचारलं.

"आई, हाडं राहिलीत त्यांची. लांबच्या टोकाच्या मरतील आधी. ज्या स्वच्छ आहेत त्याच."

पण तिथूनच तिला ते सुचलं. मोठी शेड रिकामी होती, घासूनपुसून धुतलेली. स्वच्छ कोंबड्या तिकडे हलवल्या तर तो वेगळा कळप धरता येईल. वेगळा कळप, वेगळा नमुना. सरकारी खात्याशी ती दोन दिवस भांडली आणि त्यांनी मान्य केलं. अट एकच: दाराजवळच्या, अंडं खाल्लेल्या, आधी काढून द्यायच्या. गॅसला.

आता दाराजवळच्या कोणत्या? रात्री कोंबडी कुठेही बसते, दिवसा कुठेही फिरते. सगळ्यांना नवी पिसं आली होती. एल्बर्टनं हातात घेऊन वजनं पाहिली, चोची पाहिल्या, पण फरक हाताला लागण्याइतका नव्हता. मला तर सगळ्या बहिणी-बहिणी दिसत होत्या. या घरात एकच माणूस त्यांना एकेक करून ओळखत होता.

"त्याला खरं सांगू या," विलेमाइन म्हणाली.

"खरं काय?" एल्बर्ट उसळला. "की तुमच्या हातानं तुम्ही त्यांना मारलंत, आता कोणाकोणाला मारलंत ते बोटानं दाखवा?"

"नको," मी म्हणाले. "नुसतं विचार, तुमच्या हातचं कोण खात होतं. तो सांगेल."

एल्बर्टनं तसंच विचारलं. रायरला मान मिळाल्यासारखं झालं. त्यानं रविवारची टोपी घातली, शेडमध्ये गेला आणि काठीच्या टोकानं दाखवत सुटला. "ही. ती पंखावर पांढरं आहे ती. ही नको, ही आपली लाजरी. तिच्या मागची घे." एल्बर्ट पकडायचा आणि क्रेटमध्ये ठेवायचा. रायर एकदाही चुकला नाही, एकदाही थांबला नाही. बाकीच्या मोठ्या शेडमध्ये सोडल्या तेव्हा त्या एवढ्या मोकळ्या जागेत घाबरून एका कोपऱ्यात गोळा झाल्या. एल्बर्टनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक आठवड्यांनी त्याचा चेहरा मला माझ्या मुलासारखा दिसला.

क्रेट गेले. काही दिवसांनी खात्याचा माणूस नमुना घ्यायला आला. टर्पस्ट्रा त्याचं नाव, फ्रीसलंडचा, दाराच्या चौकटीएवढा उंच. त्यानं पायांवर निळ्या पिशव्या चढवल्या.

"कॉफी घेणार?" मी विचारलं.

"अंडी घेतल्यावर. आधी घेतली तर लोक म्हणतील लाच खाल्ली."

"केकचा तुकडाही आहे."

"मग मी आंधळा होतो बघा, बाई." पण झाला नाही. खोक्याखोक्यातून अंडं वेचलं, पिशवीला मोहर लावली, आणि मगच बसून केक खाल्ला. "सुंदर जात आहे हो," तो जाताना म्हणाला. "माझ्या आजोबांकडे होत्या अशा. त्यांनी विकल्या, आणि मग आयुष्यभर विकल्या विकल्या करत बसले."

आकडा यायचा होता त्या सकाळी एल्बर्टनं गाईच्या जुन्या गोठ्याची कौलं काढून पुन्हा बसवली. कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. फोन खात्याकडून आधी आला. त्यानं ऐकला, "बरं" म्हणाला, ठेवला आणि पुन्हा शिडीवर चढला. नंतर विलेमाइनचा आला. तिला तिकडून कळलं होतं. तो फोन मी घेतला.

"आई, इतका वर आकडा तर आधी एकदाही नव्हता. हे काय झालं? लांबच्या टोकाच्या कोंबड्या कुठे गेल्या?"

मी फोन खाली ठेवला. खिडकीतून रायर दिसत होता, अंगणात, काठी टेकत. मी बाहेर गेले आणि त्याला विचारलं. रागावून नाही. राग यायलाही माणसात काही उरावं लागतं.

"रायर, त्या दिवशी तू कोणत्या कोंबड्या दिल्यास?"

तो लबाड हसला. लग्नाआधी जत्रेत हसायचा तसा. "पोरगा मला वेडा समजतो. निळे क्रेट मी ओळखतो गं. त्यात गेलेली कोंबडी परत येत नाही. मोठ्या शेडच्या गेल्या, आल्या का परत? म्हणून मी कोपऱ्यातल्या, मरतुकड्या देऊन टाकल्या. माझ्या हातच्या सगळ्या ठेवल्या. धष्टपुष्ट." मग हळू आवाजात, "एल्बर्टला सांगू नकोस."

एल्बर्ट शिडीवर होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो खाली उतरला, आमच्या बाजूनं गेला आणि घरात जाऊन हात धुवायला लागला. फार वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

मी त्याच्याकडे गेले. "काही करता येणार नाही?" मी विचारलं. "एखादी तरी? कोंबडा ठेवून? लपवून?"

"एक अंडं बाहेर गेलं तर फाटक कायमचं बंद," तो म्हणाला. "आणि कोणती लपवू, आई? ज्या लपवायच्या होत्या त्या बाबांनी क्रेटमध्ये घातल्या. आपण घातल्या. मी घातल्या. या हातांनी." त्यानं ओले हात माझ्यापुढे धरले, आणि मला ते पुसायचंसुद्धा सुचलं नाही.

त्यानंतर तो बापाशी बोलला नाही. मीठ हवं असलं तरी मला सांगायचा, "आई, त्यांना म्हणावं मीठ सरकवा." रायर सरकवायचा. दोनदा त्यानं मला विचारलं, पोराला कोणी काही बोललं का.

गाडी आली त्या दिवशी ऊन होतं. माणसं पांढऱ्या कपड्यांत होती, तोंडाला फडकी. रायर मोठ्या शेडमध्ये बादलीवर बसला होता. तिथं बाजूचं दार नव्हतं, तरी कोंबड्या त्याच्याभोवतीच गोळा झाल्या होत्या. एक मांडीवर होती. माणसं टोकाकडून पकडत पकडत येत होती. त्याला उठवायला कोणी धजेना, म्हणून त्यांनी एल्बर्टला पुढे केलं. मी त्याच्या मागोमाग गेले.

"यांना कशाला नेतायत?" रायर मला म्हणाला. एल्बर्टकडे त्यानं पाहिलंही नाही, घाबरला असावा. "या तर चांगल्या आहेत. बघ ना कशा आहेत. मी कमी घातलं का यांना, रिका? काही राहिलं का माझं?"

एल्बर्टनं तोंड उघडलं. इतक्या दिवसांचं सगळं आता बाहेर पडणार असं मला दिसलं. आमच्या घरात खोटं बोलत नाहीत. माझ्या सासूबाई दरवाज्यात उभ्या राहून शहरातल्या माणसांना, अंडी संपली की संपली म्हणूनच सांगायच्या.

"नाही," मी म्हणाले. "पुष्कळ घातलंस. कोणाला कमी पडलं नाही."

"मग ठीक," तो म्हणाला. पण हात कोंबडीवरून काढेना.

एल्बर्ट त्याच्यासमोर उकिडवा बसला.  मागची माणसं थांबली होती, कंटेनरचा घरघर आवाज येत होता.

"बाबा," तो म्हणाला, "ती मला द्या."

रायरनं ती दिली. पायाला धरून नाही, दोन्ही हातांवर, तान्हं मूल द्यावं तशी.

"पंख जपून धर," तो म्हणाला. "नवी पिसं आहेत."